सगळ्यांच्या बागेत डिस्क गोल्फ: चकती, खारा वारा आणि चालायला येणारी माणसं

ठरलेल्या जागेवरून प्लॅस्टिकची चकती फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची. असं करत करत शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये पाडायची. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. डिस्क गोल्फ एवढंच आहे, आणि खेळ म्हणून तो कोणालाही पाच मिनिटांत समजतो.

अवघड आहे ती जागा. गोल्फला स्वतःचं कुंपण घातलेलं मैदान असतं, डिस्क गोल्फ मात्र जगभर बहुतेक करून सार्वजनिक बागांमध्येच खेळला जातो. तिथे आजोबा फेऱ्या मारत असतात, मुलं घसरगुंडीवर असतात, कोणी बाकावर बसून फोनवर बोलत असतं. आपल्या कोकणात तर जागा आधीच चिंचोळी. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगर, मधल्या पट्ट्यात माडाच्या वाड्या आणि घरं. सपाट मोकळी जागा म्हणजे शाळेचं मैदान, देवळापुढचं पटांगण, नाहीतर नगरपरिषदेची बाग, आणि त्या प्रत्येकावर कोणाचा ना कोणाचा आधीपासून हक्क. अशा बागेतही सहा किंवा नऊ बास्केटचा छोटा कोर्स बसतो आणि तो कोणाला त्रास न देता चालवता येतो, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी ताकदवान हात लागत नाही. चकती हवेत कशी वागते हे मात्र नीट कळायला लागतं, खेळणाऱ्याला आणि त्याहून जास्त कोर्स आखणाऱ्याला.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमस्वरूपी कोर्स झाला. तो आखणारे एड हेड्रिक फ्रिसबी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेले. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते, आणि चकती खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे. हेड्रिक यांनी खांबाभोवती साखळ्या लोंबत्या सोडल्या आणि खाली टोपली बसवली. साखळ्या चकतीचा वेग खातात, चकती टोपलीत पडते, वाद मिटतो. १९७६ मध्ये व्यावसायिक संघटना, म्हणजे पीडीजीए, स्थापन झाली. आज जगात दहा हजारांहून जास्त कोर्स आहेत आणि त्यातले कितीतरी फुकट खेळता येतात.

आता चकतीकडे येऊ. समुद्रावर मुलं खेळतात ती फ्रिसबी आणि ही चकती यांत मोठा फरक आहे. पीडीजीएच्या नियमानुसार चकतीचा व्यास २१ सेंटीमीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि वजन व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंतच चालतं. हिशोब केला तर २१ सेंटीमीटरच्या चकतीचं वजन साधारण १७४ ग्रॅमपर्यंत जातं. क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे हातातली ही प्लॅस्टिकची वस्तू सीझन बॉलपेक्षा जड असू शकते, आणि तिला धारही असते. बागेत खेळायला परवानगी मागताना ही गोष्ट आपणच आधी सांगावी. ‘काही होत नाही हो, प्लॅस्टिकची तर आहे’ असं म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

चकत्यांचे ढोबळ तीन प्रकार. पटर जाड, बोथट काठाची आणि संथ. ड्रायव्हर रुंद, पातळ आणि धारदार काठाची, हवा कापत जाणारी. मिडरेंज या दोन्हींच्या मधली. बहुतेक चकत्यांवर चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. स्पीड म्हणजे ती चकती नीट उडायला किती वेग मागते. ग्लाइड म्हणजे ती हवेत किती तरंगते. टर्न म्हणजे वेगात असताना ती कुठे कलते आणि फेड म्हणजे वेग संपताना कुठे वळते. पटरवर २, ३, ०, १ असे आकडे दिसतील, मोठ्या ड्रायव्हरवर १२, ५, -१, ३ असे.

नवशिका दुकानात गेला की हमखास मोठ्या स्पीडची चकती उचलतो, लांब जाईल म्हणून. ती जात नाही. बारा स्पीडच्या चकतीला जो वेग लागतो तो हाताला मिळेपर्यंत बराच सराव लागतो. तोवर ती फेकल्यावर थोडंसं पुढे जाते आणि झटकन डावीकडे वळून जमिनीवर येते. मोकळ्या माळावर हे चालून जाईल. बागेत डावीकडे चालायची वाट असते. म्हणून छोट्या बागेत ड्रायव्हर पूर्ण बंद आणि फक्त पटर व मिडरेंज, असा स्थानिक नियम मी पहिल्या दिवसापासून ठेवीन. चाळीस-पन्नास मीटरच्या फेकीला पटर पुरते. ज्यांना अंतराचं वेड आहे त्यांच्यासाठी सांगतो, लांब फेकीचा जागतिक विक्रम ३३८ मीटरचा आहे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात २०१६ साली डेव्हिड विगिन्स या तरुणाने तो केला. आपल्याकडच्या बागेत तेवढी फेक म्हणजे चकती बाग ओलांडून, रस्ता ओलांडून कोणाच्या तरी वाडीत.

हे डावीकडे वळणं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी आखणी त्यावर उभी आहे.

फिरता भोवरा बोटाने ढकलला तर तो ढकलल्या दिशेला पडत नाही, बाजूला कलतो. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूचा हा स्वभाव आहे: जोर एका जागी लावला की परिणाम फिरण्याच्या दिशेने पाव फेरी पुढे दिसतो. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोर आडवा घेऊन, फेकलेली चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. तिला हवेचा आधार अगदी मध्यावर मिळत नाही. वेग कमी होत आला, चकती खाली बसायला लागली, की हवेचा उचलणारा जोर पुढच्या काठाकडे सरकतो. जोर पुढे लागतो, परिणाम पाव फेरी पुढे, म्हणजे उजव्या काठावर. उजवा काठ उचलला जातो, चकती डावीकडे कलते आणि डावीकडे वळते. हा झाला फेड. सुरुवातीला वेग भरपूर असताना हेच उलट होतं. हवेचा जोर मध्याच्या मागे असतो, पुढचा काठ दाबला जातो, उजवा काठ खाली जातो आणि चकती थोडी उजवीकडे जाते. हा टर्न. म्हणून चांगल्या फेकीचा मार्ग सरळ नसतो, आधी जरा उजवीकडे, मग डावीकडे असा नागमोडी असतो. डावखुऱ्याचं आणि उजव्या हाताने फोरहँड, म्हणजे हात उजव्या बाजूनेच पुढे आणून, फेकणाऱ्याचं सगळं याच्या उलट.

आता यात वारा घाला. चकतीला जमीन कळत नाही, तिला फक्त समोरून येणारी हवा कळते. वारा तोंडावर असेल तर तिच्या दृष्टीने वेग वाढलेला असतो, म्हणून ती जास्त उजवीकडे कलते आणि वर उचलली जाते. वारा पाठीमागून असेल तर तिला वेग कमी वाटतो, ती लवकर डावीकडे वळून खाली बसते. आडव्या वाऱ्याचं गणित वेगळं. वारा चकतीच्या पोटाला लागला तर तो तिला उचलून वाहून नेतो, आणि पाठीला लागला तर दाबून खाली पाडतो.

कोकणात हे गणित फार कामाचं आहे, कारण आपल्याकडचा वारा बऱ्यापैकी वेळापत्रकाने येतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा. ऊन चढलं, जमीन तापली, की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळी मंदावतो. उन्हाळ्यात तो पश्चिमेकडून, वायव्येकडून चांगलाच झोंबतो.

समजा समुद्राला समांतर, दक्षिणेकडे तोंड करून तुम्ही फेकताय. समुद्र उजव्या हाताला. चकती शेवटी डावीकडे कलली की तिचा उजवा काठ वर येतो आणि पोट समुद्राकडे होतं. खारा वारा नेमका त्या पोटाला लागतो आणि चकतीला गावाच्या बाजूला, पूर्वेकडे, दूरवर घेऊन जातो. तीच फेक उत्तरेकडे केली तर समुद्र डाव्या हाताला येतो. चकती समुद्राकडे कलते, वारा तिच्या पाठीला लागतो आणि ती जवळच खाली येते. हात तोच, चकती तीच, बागही तीच. फक्त दिशा बदलली आणि धोक्याची बाजू बदलली. आपल्या बहुतेक किनारी बागांमध्ये चालायची वाट आणि फाटक गावाच्या बाजूला असतं. म्हणून कोर्स आखताना लांब फेकी शक्यतो उत्तरेकडे जाणाऱ्या ठेवाव्यात, आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या फेकींच्या डाव्या अंगाला दुप्पट मोकळी जागा सोडावी. परदेशी कोर्सचा नकाशा जसाच्या तसा उचलून आपल्या बागेत बसवू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

यातून वेळेचाही प्रश्न सुटतो. चकती फेकायला सगळ्यात छान वेळ पहाटेची, वारा पडलेला, ऊन नाही. पण तीच वेळ चालणाऱ्यांची. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलेले काका, गुडघ्याला पट्टा बांधून येणाऱ्या काकी यांना दुसरी वेळ सोयीची नाही. आपल्याला आहे. संध्याकाळी मुलं येतात, तेव्हाही नाही. राहतात ते अकरा ते चार, म्हणजे नेमके खाऱ्या वाऱ्याचे तास. सुरूच्या झाडांच्या सावलीत ते सुसह्यही असतात. सार्वजनिक बागेत खेळायचं तर वाऱ्यात खेळायला शिकायचंच, याला पर्याय नाही.

कोर्स आखण्याचा पहिला नियम सरळ आहे: चालायची वाट कुठल्याही फेकीच्या रेषेत येता कामा नये, आणि रेषेच्या दोन्ही अंगांनाही पुरेशी दूर असायला हवी. दोन्ही अंगांना का? कारण नवशिक्याच्या हातातून चकती लवकर सुटली तर डावीकडे जाते, उशिरा सुटली तर उजवीकडे. दुसरं, फेकणाऱ्याला बास्केटपर्यंतची पूर्ण जागा दिसली पाहिजे. झाडाआड, वळणाआड बास्केट लपवणं मोठ्या जंगली कोर्सवर मजेचं असतं, बागेत नाही. तिसरं, एक बास्केट संपवून माणसं जिथे पुढच्या फेकीसाठी उभी राहतात ती जागा दुसऱ्या कोणाच्या रेषेत नको. छोट्या कोर्सवर सगळ्यात जास्त चुकतं ते हेच, कारण जागा वाचवायला टी (फेकायची ठरलेली जागा) आणि बास्केट एकमेकांच्या कुशीत घुसवले जातात. नऊ बसत नसतील तर सहा ठेवा. सहा बास्केट दोनदा खेळता येतात.

एक नमुना डोळ्यापुढे आणा. जांभ्याच्या गडग्याजवळ टी. समोर पंचेचाळीस मीटरवर बास्केट, कमरेच्या जरा खाली टोपलीचा काठ, वर साखळ्या. अर्ध्या वाटेवर डाव्या बाजूला एक जुना सुरू, आणि त्याच्या पलीकडे बरंच दूर चालायची वाट. पार तीन, म्हणजे चांगल्या खेळाडूने तीन फेकींत संपवावं. तुम्ही फेकली, चकती बास्केटच्या अलीकडे बारा मीटरवर थांबली. चकतीच्या पुढे छोटी खूणचकती ठेवायची, मोठी उचलायची, आणि खुणेच्या मागे पाय ठेवून दुसरी फेक करायची. ज्याची चकती बास्केटपासून सगळ्यात लांब, त्याने आधी फेकायचं. दुसरी फेक साखळीला चाटून चार मीटरवर पडली. आता तुम्ही बास्केटभोवतीच्या दहा मीटरच्या वर्तुळात आहात, तेव्हा फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, तोल जाऊन खुणेच्या पुढे पाऊल पडलं तर चूक. तिसरी साखळ्यांत खणखणली आणि टोपलीत बसली. झालं, पार.

आता तोच डाव्या बाजूचा सुरू. त्याला ‘मँडेटरी’ ठरवायचं, म्हणजे चकती त्याच्या उजव्या बाजूनेच गेली पाहिजे. डावीकडून गेली तर एक फेक दंड आणि ठरलेल्या जागेवरून पुन्हा खेळायचं. शिवाय चालायची वाट आणि तिच्या पलीकडचा सगळा भाग ‘आउट ऑफ बाउंड्स’, ओबी. तिथे चकती पूर्णपणे गेली तर पुन्हा एक फेक दंड. हे दोन्ही नियम खेळाच्या अधिकृत पुस्तकातलेच आहेत. मला ते बागेसाठी फार मोलाचे वाटतात. ‘लोकांना जपा’ असा फलक लावून माणूस जेवढा जपतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त तो दंडाला भिऊन जपतो. वाटेकडे चकती गेली की आपलाच आकडा वाढतो हे कळलं की हात आपोआप दुसरीकडे नेम धरतो.

तरीही माणूस मध्ये येणारच, आणि तेव्हा थांबायचं. इथे वाद नाही. चालणारा, खेळणारं मूल, चरायला आलेली गाय, सगळ्यांचा हक्क आधी. थांबल्याचं समोरच्याला कळायलाही हवं, म्हणून चकती खाली करायची, हात वर करायचा. आमच्याकडे एक काकी वाटेच्या कडेला येऊन थबकतात आणि दरवेळी विचारतात, “जाव मा रे?” त्यांना मोठ्याने सांगायचं, “जावा काकी, आमी थांबलंव.” त्या पार पलीकडे जाईपर्यंत कोणी चकती उचलत नाही. चकती चुकून माणसाच्या दिशेने गेलीच तर जगभर ‘फोर!’ ओरडायची पद्धत आहे. आपल्या बागेत त्या हाकेला कोणी मान वळवणार नाही. ‘सांभाळा!’ ओरडा, तेही पोट भरून.

बास्केट घेताना लोखंडाकडे बघून घ्या. खारी हवा नुसता रंग दिलेलं लोखंड फार दिवस टिकू देत नाही. आधी गंजतात ते वेल्डिंगचे सांधे आणि साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात त्या जागा, कारण तिथला थर रोज खरवडला जातो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, म्हणजे हॉट-डिप गॅल्व्हनाइज केलेलं काम मागा. कडी तुटून तिचं टोक बाहेर आलं तर ते मुलाच्या हाताला लागेल, म्हणून महिन्यातून एकदा साखळ्यांवरून हात फिरवून बघावं. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नये. जमिनीत पाइपची बाही बसवायची आणि खांब तिच्यात उभा करून कुलूप लावायचं. एका बास्केटसाठी अशा दोन बाह्या वेगवेगळ्या जागी असल्या तर ते अधूनमधून हलवता येतं. नाहीतर एकाच जागी पावलं पडून गवत मरतं, आणि आपल्या तांबड्या मातीवर गवत गेलं की पहिल्याच पावसात तिथे घळ पडते. झाडांचंही तसंच. कोवळ्या झाडाच्या सालीवर चकत्या रोज आपटल्या तर साल सोलवटते. अशी झाडं रेषेतून वगळा, किंवा बुंध्याला काथ्याची दोरी गुंडाळा.

परवानगी आधी, खड्डा नंतर. बाग नगरपरिषदेची असेल तर तिथे लेखी अर्ज. किनाऱ्यालगत असेल तर २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या, अधिसूचनेत ती जागा कुठे बसते हे विचारून घ्यावं, सुरूबन वनखात्याचं असेल तर त्यांनाही. समुद्रालगत जागा मिळत नाही म्हणून कोणाची नजर वरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जाईल. मोकळे, सपाट, माणसांची वर्दळ नाही. तिथे मात्र जाऊ नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. ती २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. शिवाय पावसाळ्यात त्याच कातळावर इवली फुलं उमलतात. बुटांनी आणि खांबांनी त्यांचं जे नुकसान होईल ते भरून निघणारं नाही.

गवतात किंवा सुरूच्या पाचोळ्यात गेलेली चकती हाताने चाचपत शोधू नका. आपल्याकडे फुरसं आहे, आकाराने लहान, रंगाने पाचोळ्यात मिसळून जाणारं आणि विषारी. काठीने पाचोळा बाजूला करा, चकती दिसली की मगच वाका. शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात, सापडली नाही तर एक फेक दंड. गवत कापलेल्या भागातच रेषा आखल्या तर ही वेळच कमी येते. गडद हिरवी, तपकिरी चकती घेऊ नका, भडक गुलाबी किंवा निळी घ्या, आणि मागे मार्करने फोन नंबर लिहा. पावसात चकती हातातून निसटते आणि निसटलेली चकती कुठे जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर कोर्स बंद ठेवणंच बरं. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग गडगडायला लागले तर लोखंडी खांबाजवळ थांबू नये.

हे सगळं एकदम उभं करायची घाई नको. घडीची, उचलून नेता येणारी बास्केट मिळतात. तीसुद्धा नसतील तर सुरुवातीला बांबू रोवून त्यावर रंगीत पट्टी बांधा, आणि पट्टीला चकती लागली की संपलं असं धरा. एका रविवारी दुपारी तीन रेषा आखून खेळा, आणि एकाला खेळायचं सोडून वही घेऊन उभं करा. त्याने प्रत्येक चकती कुठे पडली ते बागेच्या नकाशावर ठिपक्याने मांडायचं, वारा कुठून होता ते शेजारी लिहायचं. नवशिक्यांच्या चकत्या खास करून. ठिपक्यांचा घोळका वाटेकडे सरकलेला दिसला तर टी हलवा, दिशा फिरवा, पुढच्या रविवारी पुन्हा मांडा. हिवाळ्यात एकदा आणि एप्रिलच्या भरवाऱ्यात एकदा असे दोन नकाशे झाले की ते अर्जाला जोडून नगरपरिषदेत द्या आणि सकाळी चालणाऱ्या मंडळींनाही दाखवा. त्यांनी कुठल्या ठिपक्यावर बोट ठेवलं, तर ती रेषा तेवढी रद्द करा.